अकबरी, असगरी आणि उमराव

उर्दू वाचणाऱ्या घरांत अकबरी आणि असगरी ही नुसती पात्रांची नावे राहिली नाहीत. सुनांवर मारायचे ते शिक्के झाले.

डेप्युटी नझीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' 1869 साली आली. दिल्लीतल्या दोन बहिणी एकाच घरात दिलेल्या. थोरली अकबरी हट्टी, फटकळ. एका भामट्या बाईच्या थापांना भुलून दागिने घालवून बसते. धाकटी असगरी मोलकरणीची लबाडी उघडी पाडते, घराचा हिशेब मार्गी लावते, मोहल्ल्यातल्या मुलींना शिकवते. लेखकाने हे पुस्तक स्वतःच्या लेकींसाठी लिहिले. मुलींनी शिकले पाहिजे, हे त्या काळात ठासून सांगणे सोपे नव्हते, आणि त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही.

पण अकबरी आजीच्या लाडात बिघडली, हे कादंबरीच सांगते. तरबियत चुकली ती मोठ्यांची आणि बदनामी मात्र तिची. असगरीच्या वाट्याला आलेले कौतुकही जरा तपासून पाहावे. तिला किताब मिळतो तो 'तमीजदार बहू'चा. एवढी अक्कल असलेल्या बाईची ओळख शेवटी सून म्हणूनच! तिला स्वतःला काय हवे होते, हे विचारायची गरज कोणालाच वाटत नाही.

त्यानंतर तीस वर्षांनी, 1899 साली, मिर्झा हादी रुसवा यांची 'उमराव जान अदा' आली आणि हाच प्रश्न फार अवघड झाला. फैजाबादची अमीरन. बापाने दिलावर खानविरुद्ध साक्ष दिली, त्याचा सूड म्हणून त्याने पोरीला पळवले आणि लखनौच्या कोठ्यावर विकले. तिच्याबरोबरच विकायला आणलेली रामदेई मात्र एका नवाबाच्या घरी गेली आणि पुढे बेगम झाली. दोघी सारख्याच निरपराध, सारख्याच पळवलेल्या. गिऱ्हाईक कोणते भेटले, एवढाच काय तो फरक. त्या फरकाला समाज एकीची अब्रू म्हणतो आणि दुसरीची बदचलनी.

सीरत माणसाची स्वतःची कमाई असते, असे आपण मानतो. आम्हीही मानतो, नाहीतर भल्याबुऱ्याचा हिशेब कोणाकडे मागायचा? पण रुसवांनी आणखी एक गाठ मारून ठेवली आहे. रामदेईचा नवरा नवाब सुलतान हाच कधीकाळी उमरावचा आशिक होता. कोठ्याचा जिना तोही चढला, तरी त्याच्या खानदानाच्या इज्जतीला धक्का लागत नाही. सीरतीचाच हिशेब करायचा तर तो त्याच्याकडेही मागायला हवा होता. तसे होत नाही, म्हणून हा न्याय आम्हाला खोटा वाटतो.

(त्याच दशकात, इकडे पुण्यात, हरिभाऊ आपट्यांची यमू 'पण लक्षात कोण घेतो'मध्ये आपली कहाणी स्वतः सांगत होती. विधवेच्या केसांवर तिचा नव्हे, घराचा हक्क, अशी ती दुनिया. दोन भाषांत, दोन समाजांत, लेखक पुरुष असूनही बाईच्या तोंडून बोलू लागले, हे आम्हाला योगायोगापेक्षा जास्त वाटते.)

बऱ्याच वर्षांनी उमराव फैजाबादला मुजऱ्यासाठी जाते, ती नेमकी आपल्याच घराजवळ. आई ओळखते आणि रडते. भाऊ मात्र सुरी घेऊन येतो. ज्याने तिला पळवले त्याच्यावर ही सुरी उगारलेली नाही. भाऊ दुष्टही नाही. तोही रडतो, आणि मग तिला गावातून निघून जायला सांगतो. मोहल्ल्यात तोंड कसे दाखवायचे, ही त्याची अडचण खरीच असते.

उमराव लखनौला परतते.