घंटेवरची अक्षरे

वाईजवळच्या मेणवली गावी, कृष्णेच्या घाटावर, मेणेश्वराच्या देवळालगत एका छोट्या दगडी बांधणीत एक अवजड घंटा टांगलेली आहे. बाल येशूला घेतलेल्या मरियेची आकृती तिच्यावर आहे, आणि १७०७ हे साल. शिवालयाच्या परिसरात ही आकृती कशी आली, या प्रश्नाचे उत्तर गावातील कोणीही देऊ शकतो: चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा ती आली.

उत्तर खोटे नाही; पण ते फार लवकर संपते. वसई पडली १७३९ च्या मे महिन्यात. ज्यांच्या वाड्यामुळे मेणवलीचे नाव झाले, त्या नाना फडणविसांचा जन्मच १७४२ चा. वाडा आणि घाट उभे राहिले ते त्यानंतर कित्येक वर्षांनी. मधल्या काळात ही घंटा कोणाच्या अंगणात होती, कोणत्या नात्याने ती हस्तांतरित झाली, हे सारे अंतर परंपरा एका वाक्यात ओलांडते. वस्तूची ओळख पटविणे म्हणजे केवळ तिचे उगमस्थान सांगणे नव्हे. ती कोणत्या हातांतून आली, हेही त्या ओळखीत मोडते. आणि नैतिक प्रश्न उद्भवतो तो या दुसऱ्या भागातच.

मेणवलीची घंटा एकटी नाही. नाशिकला पंचवटीत सरदार नारोशंकर यांनी १७४७ मध्ये बांधलेल्या शिवमंदिराच्या दर्शनी तटावर १७२१ हे साल कोरलेली घंटा आहे. मंदिराहूनही तिचाच लौकिक मोठा. भीमाशंकरला शनिमंदिरासमोर अशीच एक घंटा आहे. या सगळ्या वसईच्या मानल्या जातात. युद्धाहून परतणाऱ्याने घरी काहीतरी आणावे, ही रीत जगभरची आहे. तलवार आणली तर ती शौर्याची खूण ठरते, दागिना आणला तर लूट. परंतु देवाच्या घरातली वस्तू आणली तर तिला काय म्हणावे?

मराठ्यांनी तिला लूट म्हणून घरात ठेवले नाही, ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. घंटेच्या धातूला त्या काळी तोफेचे भवितव्य सहज लाभू शकले असते. तसे न करता त्यांनी ती देवापुढे टांगली. या मोहिमेसाठी चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलल्याचे आणि जयानंतर देवीचे मंदिर उभारून तो फेडल्याचे परंपरा सांगते. नवसाच्या या जगात जिंकलेली घंटा विजेत्याची राहतच नाही. ती देवाकडे परत जाते, फक्त देव बदललेला असतो. पोर्तुगीज राजवटीत देवळे पाडली गेल्याची स्मृतीही त्या वेळी ताजी होती, हे विसरून केलेला न्याय एकांगी ठरेल. मात्र त्या स्मृतीने कृत्याचे कारण कळते; कृत्य न्याय्य ठरते असे नाही.

आणि तरीही मरियेची आकृती कोणी खरवडली नाही. हा आदर की उदासीनता? बहुधा दोन्ही नसावे. देवापुढे आलेल्या वस्तूला हत्यार लावू नये, एवढी साधी भीती त्यामागे असू शकेल. पण त्या भीतीने जे राखले, ते पुष्कळदा अभिमानालाही राखता येत नाही.

मूर्तीचा प्रश्न याहून बिकट आहे. जयपूरजवळ आमेरच्या किल्ल्यात शिलादेवी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी राजा मानसिंहाने ती बंगालच्या मोहिमेवरून आणली, असे सांगतात. ती जेसोरच्या प्रतापादित्याकडील की विक्रमपूरच्या केदार रायकडील, यावर मतभेद आहेत. आज शहराच्या दक्षिण टोकाला प्रताप नगरासारख्या वसाहती वाढल्या आहेत. तिथून आमेरला निघालेल्या भाविकाला मात्र हा वाद देवीच्या दर्शनाआड येत नाही. मूर्तीत प्राणप्रतिष्ठा झालेली असते, तिला ‘कोणाची?’ असे विचारणेच भक्ताला विचित्र वाटते. घंटेचे तसे नाही. घंटा देव नव्हे. कॅथलिक परंपरेत तिच्यावर आशीर्वादाचा विधी होतो, तिला संताचे नावही मिळते. पण तिचे काम माणसांना बोलावण्याचे. देवळात आलेला माणूस तीच घंटा वाजवून देवाला आपण आल्याची वर्दी देतो. धातू तोच, नाद तोच. हाकेची दिशा तेवढी उलटली.

मग ती परत करावी काय? फिलिपाइन्समधील बालांगिगा येथील चर्चच्या तीन घंटा अमेरिकन सैन्याने १९०१ मध्ये नेल्या आणि २०१८ च्या डिसेंबरात परत केल्या. तिथे गाव होते, चर्च होते, मागणारे लोक होते. परत देण्यास काही माजी सैनिकांचा विरोधही होता, कारण त्यांच्या लेखी त्या घंटा मेलेल्या सोबत्यांचे स्मारक होत्या. वसईच्या किल्ल्यातील चर्चे बव्हंशी भग्नावस्थेत आहेत. मेणवलीची घंटा टांगावी तरी कोणत्या मनोऱ्यात? त्यामुळे परतफेडीचा प्रश्न इथे सरळ उत्तर देत नाही, आणि त्याला घाईने दिलेले कोणतेही उत्तर संशयास्पद मानावे.

ओळख सांगण्याचे कर्तव्य मात्र त्यामुळे टळत नाही. विशेषतः इथे, कारण ज्यांच्या पूर्वजांना या घंटांनी प्रार्थनेला बोलावले असेल, ते वसईचे ख्रिस्ती मराठीच बोलतात. फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल मराठीत आणले, त्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२० मध्ये ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. म्हणजे घंटा जिच्याकडून आली ती बाजू समुद्रापार निघून गेलेली नाही. तिचे म्हणणे ऐकण्यासाठी दुभाष्याही लागत नाही. घंटांची हकीकत सांगताना वसई येते, १७३९ येते, चिमाजी अप्पा येतात. ज्या चर्चमध्ये ती प्रथम वाजली त्याचे नाव त्या हकीकतीत सहसा येत नाही. एकेका घंटेवरचे साल, आकृती आणि अक्षरे यांचे ठसे घेऊन ते वसईच्या चर्चांच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहणे, हे काम वाङ्मयाच्या अभ्यासकालाही परके नसावे. कोरलेला मजकूर वाचणे हाच तर त्याचा व्यवसाय.