वीजपाण्यासकट भाडे

सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात वसलेल्या सोनाळ्यासारख्या गावातून मुलगा शिक्षणासाठी पुण्यास निघाला, म्हणजे घरी पहिली विवंचना असते ती खोलीची. आणि 'लाईट-पाण्यासकट भाडे इतके' असे शब्द कानी पडले की वडीलधाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो. महिन्याचा आकडा एकच आणि तोही आधीच ठाऊक! कापसाच्या नि सोयाबीनच्या भावावर ज्यांचे सारे वर्ष हेलकावे खाते, त्यांस असा ठाम आकडा मोलाचा वाटावा यात नवल नाही. या सोयीची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तथापि मापावाचून केलेला हा करार न्यायाचा आहे काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

अशा भाड्याने माणूस उधळा होतो, 'पैसे दिलेत, फिरू दे पंखा' असे म्हणू लागतो, हा नेहमीचा आक्षेप. तो खोटा नाही, पण वरवरचा आहे. सोनाळ्यास सोनाजी महाराजांची यात्रा भरते. यात्रेतल्या महाप्रसादाच्या पंगतीत कोणी कुणाच्या भाकरी मोजीत नाही. तरी पानात टाकून उठणारास शेजाऱ्याच्या नजरेस नजर देता येत नाही. म्हणजे माप नसले की मर्यादाही नसते, असे नव्हे. परंतु पंगतीत आज वाढणारा उद्या जेवावयास बसतो. भाड्याच्या खोलीत हे नाते नाही. तेथे व्यवहार आहे, आणि व्यवहारात मालक सर्वांत अधिक वीज जाळणाऱ्याचा अंदाज धरूनच आकडा सांगतो. काटकसरी मुलगा दुसऱ्याच्या चैनीचे पैसे भरतो, आणि ते त्यास कळतही नाही.

विजेच्या दराची रचना पाहिली म्हणजे ही गोष्ट अधिक उघड होते. महाराष्ट्रात महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिल्या १०० युनिटांस कमी, १०१ ते ३०० पर्यंत अधिक, त्यापुढे आणखी. चार खोल्यांतील चौघांनी महिन्याला प्रत्येकी ८० युनिटे वापरली, तर स्वतंत्र मीटर असता चौघेही पहिल्याच टप्प्यात राहिले असते. एका सामायिक मीटरवर त्यांची ३२० युनिटे होतात, व त्यांतील २२० वरच्या दराने मोजली जातात. स्वतंत्र मीटरचा स्थिर आकार प्रत्येकास निराळा पडला असता, हे खरे. परंतु यात नफा कुणाचा आणि तोटा कुणाचा, हे त्या एका ठोक आकड्यावरून कोणास उमगणार?

याहून गंभीर बाब निराळीच आहे. भाडेकरूस मीटर दिसेनासा झाला म्हणजे मोजणी थांबते, असे नाही. ती घरमालकाच्या डोळ्यांत जाऊन बसते. 'काल दिवा किती वाजेपर्यंत होता?' 'पाहुणे किती दिवस आहेत?' मीटर केवळ युनिटे मोजतो. दिवा अभ्यासासाठी जळला की गप्पांसाठी, हे तो विचारीत नाही. डोळा विचारतो.

आपल्या गावगाड्यातही अशी ठोक पद्धत होती. सुतार-लोहारांस कामागणिक दाम नसे; सुगीला ठरलेले बलुते मिळे. जुनी माणसे ती पद्धत जिव्हाळ्याची म्हणून आठवतात. पण महार वतनदारांस तुटपुंज्या मोबदल्यात हाक येईल तेव्हा, रात्रीबेरात्रीही, राबावे लागे. मोबदला ठरलेला, मात्र कामास अंत नाही. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे ही बेबंद मागणी आवरण्याचा हेतू होता. खोलीच्या भाडेकरूची स्थिती तशी खचितच नव्हे, आणि तुलना ताणणे आम्हांस पसंत नाही. तरी जेथे एक पक्ष सबळ व दुसरा गरजू असतो, तेथे मापाचा अभाव कुणाच्या पथ्यावर पडतो, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम २९ अन्वये घरमालकास सबळ कारणावाचून भाडेकरूचे पाणी वा वीज तोडता येत नाही. किती वापर भाड्यात धरावा, हे मात्र उभयतांनीच ठरवावयाचे. तेव्हा करारातच 'दरमहा इतकी युनिटे भाड्यात, पुढील बिलाच्या दराने' असे लिहावे, आणि बिल दर महिन्यास दाखवावे. त्या मर्यादेच्या आत कोणी कुणास जाब विचारू नये.

असे लिहून मागणे कोतेपणाचे आहे, चार माणसांत शोभत नाही, असे कित्येकांस वाटेल. गावाकडच्या भिडस्त मुलांस तर विशेषच. परंतु सोनाळ्याहून भेटीस आलेल्या वडिलांनी दोन बादल्या पाण्याने स्नान केले, म्हणून मुलाने घरमालकिणीच्या चेहऱ्याकडे चोरून पाहावे, यापेक्षा तो कागद आम्हांस पुष्कळच सभ्य वाटतो.