डोळ्यांत थेंब कोण टाकणार?

रोटरी आणि लायन्स या दोन्ही संघटनांचे वर्ष १ जुलैला सुरू होते. बुलढाणा-खामगावकडे तेव्हा पेरणीची धांदल असते आणि शहरातल्या हॉलमध्ये पदग्रहण सोहळे होत असतात. नवा अध्यक्ष येतो, वर्षाचे संकल्प सांगतो: नेत्रतपासणी, रक्तदान, वृक्षारोपण, वह्यावाटप. हे काम करणारे व्यापारी, डॉक्टर, प्राध्यापक मनापासून राबतात. स्वतःच्या खिशातले पैसे घालतात, दुकान बंद ठेवून येतात. त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती सेवेला घातलेल्या एका वर्षाच्या कुंपणाबद्दल.

मोतीबिंदूचे शिबिर घ्या. ३० जून १९२५ रोजी अमेरिकेत सीडर पॉइंट येथे लायन्सच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी अंधत्वाविरुद्धचे काम हाती घेण्याचे आवाहन केले. तेव्हापासून डोळ्यांचे काम ही या क्लबांची ओळख झाली. आपल्याकडच्या खेड्यांत आजही अनेक म्हाताऱ्या माणसांना शिबिरामुळेच पुन्हा दिसू लागते. पण शस्त्रक्रिया होते एका दिवसात, डोळा बरा व्हायला पुढचे चार-सहा आठवडे लागतात. दिवसातून अनेकदा थेंब टाकायचे, हात धुऊन टाकायचे, बाटलीचे टोक पापणीला लागू द्यायचे नाही. डोक्यावरून आंघोळ नाही, चुलीच्या धुरासमोर बसणे नाही, ओझे उचलणे नाही. आता सून पहाटेच कापूस वेचायला गेली आणि घरात आजी एकटीच असली, तर थेंब टाकणार कोण? दहाव्या दिवशी डोळा लाल झाला, तर तिला तालुक्याला नेणार कोण? शिबिराचा अहवाल मात्र शस्त्रक्रियांच्या आकड्यावर पूर्ण झालेला असतो. सेवेचा खरा कस त्यानंतर लागतो, आणि तिथे फोटो काढण्यासारखे काही नसते.

पाण्याचेही तेच. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती-अकोल्यातून आपल्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुऱ्याकडे पसरला आहे. भूजल खारट, आणि त्या गावांत मूत्रपिंडाच्या आजाराची धास्ती घरोघरची. अशा गावाला पाणी शुद्ध करणारे यंत्र देणे हे मोठेच दान. पण खारट पाण्यात त्याच्या गाळण्या लवकर भरतात. त्या बदलायचा खर्च, बिघाड झाला तर येणारा मिस्त्री, विजेचे बिल, हे सगळे उद्घाटनानंतर सुरू होते. देणाऱ्या क्लबात तोवर अध्यक्ष बदललेला असतो, आणि नव्या अध्यक्षाला आपला नवा प्रकल्प हवा असतो. स्वभावाचा दोष नाही हा, रचनेचा आहे.

रचना अशी असूनही चिकाटी धरता येते, याचा दाखला रोटरीच्याच इतिहासात आहे. १९८५ मध्ये तिने पोलिओचे काम जगभर हाती घेतले. दर वर्षी अध्यक्ष बदलले, काम बदलले नाही. भारतातला वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. लसीकरण सरकारने केले, पण दुसऱ्यांच्या मुलांसाठी इतकी वर्षे पैसा आणि माणसे उभी करणे सोपे नव्हते.

आणि शिकायला लांब कशाला जायचे? शेगावला गजानन महाराज संस्थानात हजारो सेवाधारी पगार न घेता पाळीपाळीने येतात. कुणी ताटे उचलतो, कुणी फरशी पुसतो, समोरच्याला ‘माऊली’ म्हणतो. एकाची पाळी संपली की दुसरा त्याच जागी उभा राहतो. संस्थानाचा कारभार अनेक वर्षे सांभाळणारे शिवशंकरभाऊ पाटील ४ ऑगस्ट २०२१ रोजी गेले, तरी ही पाळी चुकली नाही. इथली श्रद्धा क्लबाला उसनी घेता येणार नाही, हे मान्य. पाळी लावायची पद्धत मात्र घेता येईल.

आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. २०१८ मध्ये ‘सुजलाम सुफलाम बुलढाणा’ मोहिमेत तलावांतला गाळ काढायला जेसीबी-पोकलेन भारतीय जैन संघटनेने दिले, डिझेलचा खर्च शासनाने उचलला आणि गाळ शेतकऱ्यांनी स्वखर्चाने शेतात नेला. शेतकरी तिथे हात पसरून उभा नव्हता. ट्रॅक्टर त्याचा, शेत त्याचे, म्हणून तलाव किती खोल झाला यावर नजरही त्याचीच. वह्या घेणाऱ्या मुलाला रांगेत उभे करून फोटो काढतो, तेव्हा त्याच्याकडे अशी कोणतीच भूमिका आपण ठेवत नाही. त्याला नुसते घेणारा करून ठेवतो, आणि मला हे फार लागते.

म्हणून क्लबांपुढे एक मागणी ठेवतो. वर्षाला बारा उपक्रम नकोत. पाच वर्षांसाठी एक गाव किंवा एक काम धरा. शिबिरात शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक माणसाचे नाव, गाव, थेंब टाकणाऱ्याचा फोन नंबर आणि पुढच्या तपासणीची तारीख एका वहीत लिहा. ज्या घरी कुणी नसेल तिथे त्याच गावातला एखादा तरुण किंवा बचत गटातली बाई ठरवा, आणि त्या व्यक्तीच्या वेळेचा मोबदला शिबिराच्याच खर्चात धरा. १ जुलैला नव्या अध्यक्षाच्या गळ्यात कॉलर घालाल, तेव्हा ही वहीही त्याच्या हातात द्या, आणि कोणत्या नावांपुढची तपासणी अजून बाकी आहे ते सभेत वाचून दाखवा.