पडवीतली फियाट

आखातातून, मुंबईतून निवृत्त होऊन महाड-पोलादपूरला परतलेले आम्ही लोक. कुणी पडवीत जुनी फियाट उघडून बसतो, कुणी सागाच्या तुकड्यांतून कुराणासाठी रेहल घडवतो. घरची माणसे विचारतात, हा इस्राफ नव्हे का?

प्रश्न रास्त आहे. कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशके उलटली. 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या टॅक्सींतूनही ती बाद झाली. आता एका कार्बोरेटरसाठी भंगार बाजारात दिवस जातो. पैसा जातो तो वेगळाच.

22 जुलै 2021 रोजी सावित्रीच्या पुरात महाड बुडाले. तळियेत दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दिवसांत गाडीकडे पाहायचीही आम्हाला लाज वाटली. पण शेजारणीचे शिलाई यंत्र, मशिदीचा पंप उघडून, धुऊन, सुकवून चालू करायला हेच हात उपयोगी पडले.

पैगंबरसाहेब आपली पादत्राणे स्वतः शिवत, असे हजरत आयेशांनी सांगितले आहे. दुरुस्तीत कमीपणा नाही. मात्र ते काम गरजेचे होते, मिरवण्याचे नव्हते.

म्हणून आम्ही आमच्यापुरता निवाडा केला आहे. आधी घरच्यांचा हक्क आणि जकात, उरले तर शौक. आणि हुन्नर ही अमानत आहे. मोहल्ल्यातल्या एखाद्या पोराच्या हाती पाना दिला नाही, तर गाडी कितीही चकाकली तरी तो इस्राफच.