कुंपण आणि समबुद्धी

गृहस्थापुढे येणाऱ्या धर्मसंकटांत शेजाऱ्याशी होणारा सीमेचा तंटा वरवर क्षुद्र, परंतु परिणामी मोठा असतो. जुने कुंपण मोडले, गुरे आत शिरू लागली, म्हणून एकाने पक्की भिंत घालण्याचे योजिले. शेजारी मात्र खर्चाचा वाटा देत नाही, मोजणीस येत नाही, आणि कामासही हरकत घेतो. अशा वेळी आपला हक्क बजावणे हा धर्म, की सोडून देणे हा धर्म?

शास्त्रकारांनी या प्रश्नाची उपेक्षा केलेली नाही. व्यवहाराच्या १८ पदांत मनूने सीमाविवादास स्वतंत्र स्थान दिले आहे. शेताचे कुंपण उंटाला पलीकडचे दिसू नये इतके उंच असावे, आणि कुत्र्याचे वा डुकराचे तोंड शिरेल असे प्रत्येक छिद्र बुजवावे, असे तो सांगतो. तेव्हा स्वभूमीचे रक्षण हा लोभ नव्हे. मात्र दुसऱ्याचे घर वा शेत धाक दाखवून बळकावणाऱ्यास ५०० पणांचा, आणि अज्ञानाने घेणाऱ्यासही २०० पणांचा दंड त्याने सांगितला आहे. अज्ञानाचीही गय नाही. म्हणून मोजणी आधी, पाया नंतर.

याज्ञवल्क्यस्मृती आणखी सूक्ष्म विचार करते. ज्या बांधाने उपद्रव थोडा आणि कल्याण फार, तो आपल्या भूमीत होत असला तरी मालकाने अडवू नये. परंतु मालकास न कळविता कोणी तो घातला, तर त्याचे फळ मालकाचेच. येथे अडवणूक करणाऱ्यासही बोध आहे आणि उतावळ्यासही.

आजचा मार्गही याहून फारसा वेगळा नाही. भूमी-अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावी, शेजाऱ्यास लेखी कळवावे, आवश्यक ती परवानगी काढावी, आणि भिंत सर्वस्वी आपल्याच हद्दीत, आपल्याच खर्चाने उभारावी. पाया खणताना शेजारच्या जमिनीचा आधार ढासळू देऊ नये. लगतच्या मातीकडून मिळणारा हा नैसर्गिक आधार १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानेही मान्य केला आहे. एवढे करूनही अडथळा आला, तर न्यायालयात दाद मागण्यात पाप नाही.

मग गीतेची समबुद्धी कोठे राहिली? सहाव्या अध्यायात भगवंतांनी मित्र आणि शत्रू यांविषयी बुद्धी सम ठेवण्यास सांगितले आहे. भिंत घालू नये असे सांगितलेले नाही. हीच भिंत शेजाऱ्याने घातली असती तर ती आपणास न्याय्य वाटली असती काय, असे मनास विचारावे. मोजणीत आपलेच पाऊल पुढे पडलेले दिसले, तर मुकाट्याने मागे घ्यावे. वीतभर जागा शांततेसाठी सोडावयाची असेल, तर ती प्रसन्न मनाने सोडावी. त्रासाच्या भयाने केलेल्या त्यागास अठराव्या अध्यायात राजस म्हटले आहे. त्याला त्यागाचे फळ नाही.

पांडवांचा अधिकार अर्ध्या राज्यावर होता. तरी ते पाच गावांवर संतुष्ट होण्यास सिद्ध झाले, आणि स्वतः श्रीकृष्ण शिष्टाईस गेले. सुईच्या अग्राएवढीही भूमी न देण्याचा हट्ट दुर्योधनाचा होता. भांडण गावांचे असो वा वीतभर जागेचे, आपल्या मनात यांपैकी कोण बोलत आहे हे गृहस्थाने पाया खणण्यापूर्वी पाहावे.