वॉरंटीतला वेळ कोणाच्या खात्यावर?

अमेरिकेत नोकरी संपली, मुलं मार्गी लागली की अनेक जोडपी मोटरहोम घेतात. स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर पोटात घेऊन धावणारं हे घर सहज लाखभर डॉलरच्या पुढे जातं. आणि मग पहिल्याच पावसात छत गळतं, किंवा मुक्कामी पोहोचल्यावर बाहेर सरकणारी भिंत अर्ध्यावर अडते. वॉरंटी असते, त्यामुळे खर्चाची चिंता नसते. पण गाडी डीलरच्या आवारात जाते आणि तिथेच राहते. आधी तंत्रज्ञाची वाट, मग कंपनीच्या मंजुरीची, मग सुट्या भागाची. उन्हाळा निघून जातो. कर्जाचा हप्ता आणि विम्याचं बिल मात्र तारखेला हजर.

याचं खापर एखाद्या आळशी मेकॅनिकवर फोडणं सोपं आहे. पण हा उशीर व्यवस्थेतच मुरलेला आहे, कारण तो करणाऱ्यांपैकी कोणालाच त्याची किंमत फारशी मोजावी लागत नाही.

सुरुवात कारखान्यातून होते. हा उद्योग मुख्यतः इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात एकवटला आहे. तिथल्या अनेक कारखान्यांत नगावर मजुरी मिळते. दिवसाचा कोटा लवकर पुरा झाला की लवकर घरी. सैल राहिलेला स्क्रू शोधत बसणाऱ्याचा तिथे तोटाच. कोविडकाळात मागणी उसळली आणि २०२१ मध्ये मोटरहोम व मोटारीमागे ओढायच्या कॅरॅव्हॅन मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. दुरुस्ती करणारी माणसं काही त्या वेगाने तयार होत नव्हती.

त्यात ही गाडी एका कंपनीची नसतेच. चासी फोर्डची किंवा मर्सिडीजची, घराचा सांगाडा दुसऱ्याचा, सरकत्या भिंतीची यंत्रणा लिपर्टची, फ्रिज डोमेटिकचा, जनरेटर पुणेकरांच्या ओळखीच्या कमिन्सचा. जितके पुरवठादार, तितकी वॉरंटीची कागदपत्रं. फ्रिज बंद पडला तर दोष फ्रिजचा की वायरिंगचा, यावर टोलवाटोलवी सुरू होते. डीलरचं गणित आणखी वेगळं. वॉरंटीच्या कामाचे तास कंपनी ठरवते, फोटो पाठवून आधी मंजुरी घ्यावी लागते, दोष शोधण्यात गेलेल्या वेळेचे पैसे पुरते मिळतीलच असं नाही. शेजारी रोख पैसे देणारं गिऱ्हाईक उभं असेल, तर कोणाची गाडी आधी आत जाईल हे सांगायला नको.

कायद्याने हे पाहिलंच नाही असं नाही. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार 'पूर्ण' वॉरंटी देणाऱ्याने वाजवी वेळेत दुरुस्ती करून दिली पाहिजे. पळवाट अशी, की कंपनीने वॉरंटीला 'मर्यादित' म्हटलं की ही अट तिला लागू होत नाही. आणि मोटरहोमच्या वॉरंट्या सहसा मर्यादितच असतात. सदोष नव्या गाडीचे पैसे परत मिळवून देणारे 'लेमन लॉ' राज्याराज्यांत आहेत. पण ज्या इंडियानात ही वाहनं बनतात, तिथल्या लेमन लॉमधून मोटरहोम वगळलेलं आहे. कॅलिफोर्नियाचा कायदा मात्र नेमक्या दुखण्यावर बोट ठेवतो. तिथे ग्राहकाने लेखी सवलत दिली नसेल तर वॉरंटीतली दुरुस्ती ३० दिवसांत व्हावी लागते. कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाने झालेला उशीर तेवढा वगळतात. शिवाय वस्तू दुरुस्तीला पडून असते तितके दिवस वॉरंटीची मुदतही थांबते. म्हणूनच गाडी दिली त्या दिवसाची आणि परत घेतली त्या दिवसाची तारीख, प्रत्येक तक्रार जॉब कार्डवर लिहून घेणं, हे मालकाचं सर्वात मोठं शस्त्र आहे. जमल्यास सुटा भाग येईपर्यंत गाडी स्वतःकडेच ठेवावी.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आपल्याकडेही चासी एकाची आणि आतली बांधणी दुसऱ्याची असते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सेवेतल्या त्रुटीबद्दल दाद देतो, पण नव्या गाडीची दुरुस्ती इतक्या दिवसांत झालीच पाहिजे असा आकडा त्यात नाही. हा प्रश्न आपल्यापासून फार लांबचा नाही.

दुरुस्तीची ठरावीक मुदत उलटल्यावर, गाडी परत मिळेपर्यंतचा कर्जाचा हप्ता विक्रेत्या कंपनीने भरावा, मग तिने तो हव्या त्या पुरवठादाराकडून वसूल करावा, असा नियम का नसावा? कंपन्या म्हणतील, हा खर्च शेवटी किमतीत चढेल. चढू दे. आज तो निवृत्त माणसाच्या मोजक्या उन्हाळ्यांतून वसूल होतो आणि कोणत्याच किंमतपत्रकावर दिसत नाही. किमतीत आला तर दोन कंपन्यांची तुलना तरी करता येईल, आणि जी नीट बांधते ती स्वस्त पडेल.