बेगमी किती दिवसांची?

उद्याची सोय करून ठेवणे हा गुण आणि उद्यासाठी दडवून ठेवणे हा दोष, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण सोय कोठे संपते आणि दडवणे कोठे सुरू होते, हे मात्र कोणी सांगत नाही. दिवाळीत हा प्रश्न काढणे थोडे अप्रशस्त वाटेल. तरी फराळाचे डबे निरुपद्रवी असतात. तुळशीच्या लग्नापर्यंत ते रिकामे होतात, आणि त्यांतले निम्मे शेजाऱ्यांच्या घरी गेलेले असते.

मला प्रश्न पडला तो पंचवीस वर्षे टिकणाऱ्या अन्नामुळे. माझी भाची अमेरिकेत युटा राज्यात राहते. तिच्या घरी कपडे धुण्याच्या यंत्राएवढे एक यंत्र आहे. भात, वरण, आंब्याच्या फोडी, काहीही त्याच्या थाळ्यांत पसरायचे. यंत्र ते शून्याखाली तीस-चाळीस अंशांपर्यंत गोठवते आणि मग आतली हवा उपसून काढते. दाब इतका उतरला, की बर्फाचे पाणी होऊच शकत नाही. थोडी ऊब मिळताच, कापूर न वितळता उडून जावा तशी, त्याची थेट वाफ होते. एक-दीड दिवसाने जे उरते त्याचा आकार तोच, रंग बहुतेक तोच. फक्त पाणी नाही. प्राणवायू शोषणाऱ्या पुडीसह हवाबंद पिशवीत ठेवले, तर ते पंचवीस वर्षेसुद्धा टिकते, असे यंत्र विकणारे सांगतात. तूप आणि मध यांच्यापुढे मात्र यंत्राचे काही चालत नाही. तुपात पाणीच नसते, आणि मध आपले पाणी सोडीत नाही.

हा लोभ आहे असे मी म्हणत नाही. युटा हा मॉर्मन पंथीयांचा प्रदेश. घरात अडीअडचणीपुरते धान्य असावे, ही त्यांची जुनी शिकवण. आणि त्याच पंथात महिन्यातून एकदा दोन वेळचे जेवण सोडून त्याचे पैसे गरजवंतांसाठी द्यावयाचे असतात. साठवण आणि उपवास एका घरात नांदतात, हे आपल्याला परके वाटू नये.

आपल्या बेगमीला मात्र ऋतूने माप घालून दिले आहे. कोकणात आगोटीला सुके बोंबील, मीठ, मिरच्या, सरपण घरात येते. देशावर उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, शेवया वाळत पडतात. सारा खटाटोप पावसाच्या चार महिन्यांसाठी. पुढच्या चैत्रात पुन्हा ऊन आहेच, हा त्यामागचा भरवसा. पंचवीस वर्षांच्या पिशवीमागे भरवसा आहे की भय, हे मला ठरवता येत नाही.

शास्त्रकारांनीही या प्रश्नाला हात घातला होता. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मण गृहस्थाचे चार प्रकार आहेत: कोठारभर साठवणारा, मडकेभर साठवणारा, तीन दिवसांपुरते ठेवणारा, आणि उद्यापुरतेही न ठेवणारा. यांत पुढचा पुढचा श्रेष्ठ. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत मधमाशीकडून हाच धडा घेतो. तिने साठवले आणि साठ्यापायी तिचा नाश झाला. संन्याशाला हे शोभते. ज्या घरात तान्हे मूल आणि म्हातारी सासू आहे, तेथील बाईने उद्याची चूल देवावर सोडली तर तिला कोणी श्रेष्ठ म्हणणार नाही. (उद्याची चिंता न करणाऱ्या पुरुषाच्या वाटची चिंता बहुधा कोणीतरी स्त्रीच करीत असते.) शिवाय अवधूताच्या झोळीत जे पडते, तेही कोणाच्या तरी कणगीतूनच येते.

तेव्हा माझा आक्षेप साठवण्याला नाही. मला खटकते ते निराळेच. अन्न नासते, या एका गोष्टीने आपल्याला किती उदार करून ठेवले आहे! बरका फणस फोडला की तो एका घराला संपत नाही. गाय व्याली की चीक आळीभर जातो. यात आपला मोठेपणा थोडा, नासण्याचा धाक अधिक. तेच गरे पिशवीत पंचवीस वर्षे बसून राहणार असतील, तर वाटी घेऊन शेजारच्या दारी जायला दुसरे कारण शोधावे लागेल.

हे मी भाचीला बोलून दाखवले. ती म्हणाली, "मामा, तुमचा फणस आळीत वाटला जायचा हे खरे. पण गावकुसाबाहेरच्या वस्तीत किती गरे जायचे?"

याचे उत्तर मला ठाऊक होते आणि ते सांगण्याजोगे नव्हते. नासणारे अन्न जवळच्यालाच मिळते. दूरच्या भुकेल्यापर्यंत पोहोचते ते टिकणारेच. 1972 च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर सुकडी वाटली, रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो आली. तिला नावे ठेवीत लोकांनी ती खाल्ली. पण समुद्र ओलांडून यायला ती टिकली होती.

भाचीचे यंत्र नवे असले तरी युक्ती जुनी आहे. पेरू आणि बोलिव्हियाच्या उंच पठारांवर शेतकरी जून-जुलैच्या थंडीत बटाटे रात्री उघड्यावर गोठू देतात, दिवसा पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. त्याला चुन्यो म्हणतात. तो वर्षानुवर्षे टिकतो. इंकांच्या राज्यात अशा अन्नाची कोठारे होती. वानुको पांपा या एकाच ठाण्याजवळ ती सुमारे 500 होती. इंकांचे राज्य म्हणजे काही धर्मशाळा नव्हती. कोठारे प्रजेच्या श्रमांनी भरत आणि त्यांतून आधी सैन्य जेवे. तरी वाईट वर्षी तीच प्रजेसाठीही उघडत. मग 1532 मध्ये स्पॅनिश आले, आणि 1545 मध्ये पोतोसीला चांदी सापडली. सिएसा दे लेओन या त्या काळच्या बखरकाराने लिहून ठेवले आहे, की केवळ चुन्यो पोतोसीच्या खाणींवर नेऊन विकून कित्येक स्पॅनिश श्रीमंत होऊन मायदेशी परतले. बटाटा तोच होता आणि तुडवणारे पायही तेच होते.

गेल्या वर्षी गणपतीत भाची आली तेव्हा तिने मेक्सिकोच्या आंब्याच्या वाळवलेल्या फोडी आणल्या. खडूसारख्या हलक्या, जिभेवर ठेवताच विरघळणाऱ्या. वास थेट आंब्याचा. बाहेर पाऊस लागला होता. आपल्या भाद्रपदातल्या दमट हवेत पिशवी उघडी राहिली आणि थोड्याच वेळात फोडी चिवट होऊ लागल्या. "आता आजच संपवायला हव्यात," असे म्हणत ती समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलांना हाक मारायला जिन्यापर्यंत गेली.